साडेतीन मीटर म्हणजे नेमकं किती?

मित्रांनो, आजची पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा. विषय ऐकायला रुक्ष वाटेल. जगभरचे देश समुद्राची माहिती गोळा करतात, पण प्रत्येकाचे शब्द वेगळे. ते शब्द एकमेकांशी जुळवायचे कसे, यासाठी गेली पावणेदोनशे वर्षं माणसं एकत्र बसतायत. त्या बैठकांचा हा इतिहास. तो आपल्या जेटीपर्यंत येतो, आणि माझ्या एका चुकीपर्यंतही. म्हणून सुरुवात चुकीपासूनच करतो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. मासेमारीचा हंगाम नुकता उघडला होता. समुद्र खवळणार असा इशारा आला. त्यात लिहिलं होतं, लाटांची उंची 3 ते 3.5 मीटर. संध्याकाळची घाई, पान जायची वेळ. मी मथळा दिला, 'लाटा साडेतीन मीटरपर्यंत उसळणार'. इशाऱ्यात 'पर्यंत' हा शब्द नव्हता. तो मी घातला. मराठीत वाक्य गोड वाटावं म्हणून.

तिसऱ्या दिवशी एक तांडेल कचेरीत आले. वय साठीच्या पुढे, आयुष्य समुद्रावर गेलेलं. खाडीच्या तोंडाशी लावलेली जाळी काढून आणायला म्हणून दोन खलाशी घेऊन गेले होते. होडी उलटली. तिघं पोहून आले, इंजिन आणि जाळी गेली. त्यांनी पेपरातलं कात्रण माझ्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "भाऊ, साडेतीनपर्यंत लिवलंय तुम्ही. म्हणजे सगळ्यात मोठी साडेतीनची. मग बाकीच्या दोन-दीडच्या असणार, असं धरून गेलो. आमच्यावर आली ती दोन मजली होती. हे साडेतीन कोणी मोजलं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पत्रकारितेच्या डिप्लोम्यात कोण, काय, कुठे, कधी, का हे घोकून घेतलं होतं. 'किती'बद्दल एवढंच शिकवलं होतं की आकडा नीट उतरवून घ्या. आकडा मी नीटच उतरवला होता.

त्यानंतर मी वाचत गेलो, फोन करत गेलो, तेव्हा कळलं की इशाऱ्यातली 'लाटेची उंची' ही सर्वात मोठ्या लाटेची उंची नसते. शंभर लाटा मोजल्या, उंचीप्रमाणे लावल्या, त्यातल्या सर्वात उंच तेहतीस घेतल्या आणि त्यांची सरासरी काढली, तर जो आकडा येतो तो इशाऱ्यात असतो. इंग्रजीत त्याला सिग्निफिकंट वेव्ह हाइट म्हणतात. म्हणजे त्या तेहतीसमधल्याही बऱ्याच लाटा त्याहून मोठ्या असतात. काही तास समुद्रावर थांबलात तर एखादी जवळजवळ दुप्पटही येते. साडेतीनचा समुद्र असेल तर सात मीटरच्या आसपास. दोन मजली! तांडेल खोटं बोलत नव्हते, इशाराही खोटा नव्हता. आकडा बरोबर आला होता. त्याच्याबरोबर यायला हवा होता तो अर्थ वाटेत गळला होता, आणि त्या जागी मी माझा शब्द चिकटवला होता.

आता इतिहास बघू. कारण हा घोळ माझ्या टेबलावर पहिल्यांदा झालेला नाही.

अमेरिकन नौदलात मॅथ्यू मॉरी नावाचा अधिकारी होता. 1839 मध्ये घोडागाडीच्या अपघातात त्याचा पाय जायबंदी झाला आणि त्याचं समुद्रावरचं आयुष्य संपलं. 1842 मध्ये त्याला वॉशिंग्टनला नकाशे आणि उपकरणांच्या कोठाराचा प्रमुख नेमलं. आपल्याकडच्या भाषेत साइड पोस्टिंग. तिथे जुन्या जहाजांच्या रोजनिशा पडून होत्या. वारा कुठून, किती, पाणी कसं, रोज लिहिलेलं. मॉरीने त्या उघडल्या, नोंदी एकत्र केल्या आणि 1847 पासून वारा आणि प्रवाहांचे नकाशे छापायला सुरुवात केली. कप्तानांचे प्रवासाचे दिवस वाचू लागले. मग त्याने कप्तानांशी सौदाच केला. तुम्ही ठरलेल्या नमुन्यात नोंदी पाठवा, मी नकाशे फुकट देतो.

पण हा नमुना एका देशाचा. बाकीच्यांची रोजनिशी वेगळी, मापं वेगळी, लिहिण्याची पद्धत वेगळी. एकाचं 'जोरदार वारा' म्हणजे दुसऱ्याचं 'मध्यम'. म्हणून 23 ऑगस्ट 1853 रोजी ब्रुसेल्सला परिषद भरली. दहा देश आणि बारा प्रतिनिधी, त्यातले बहुतेक नौदलाचे अधिकारी. अध्यक्ष होते बेल्जियमचे शास्त्रज्ञ अडोल्फ केटले. 8 सप्टेंबरपर्यंत बसून त्यांनी काय केलं? एक तक्ता ठरवला. जहाजावर कोणत्या रकान्यात काय लिहायचं आणि कसं लिहायचं, याचा तक्ता. ना तह, ना नवा शोध. तरीही समुद्राच्या आणि हवामानाच्या क्षेत्रातलं आंतरराष्ट्रीय सहकार्य तिथून सुरू झालं असं मानतात. समुद्राच्या शब्दांवरची पहिली मोठी कार्यशाळा म्हणायला माझी हरकत नाही.

वाऱ्याच्या जोराचं कोडं ब्रिटिश नौदलाच्या फ्रान्सिस ब्युफोर्टने त्याआधीच स्वतःपुरतं सोडवलं होतं. 1806 च्या सुमारास त्याने शून्य ते बारा असे अंक ठरवले. गंमत बघा, त्याने वारा मोजलाच नाही. इतक्या वाऱ्यात युद्धनौका किती शिडं उभारू शकते, त्यावरून अंक द्यायचा. बारा म्हणजे कोणतंच शीड टिकणार नाही असा वारा. जहाजावरच्या प्रत्येकाला शिडं कळत होती, म्हणून अंकही सगळ्यांना कळत होते. 1838 मध्ये ब्रिटिश नौदलाने हे अंक अधिकृत केले. पुढे वाफेची जहाजं आली, शिडं गेली. अंक राहिले, पण त्यांचा आधारच नाहीसा झाला! मग समुद्राचं दिसणं आणि वाऱ्याचा वेग यांवरून त्याच अंकांना नव्याने अर्थ लावून द्यावा लागला. शब्द तोच राहतो आणि त्याच्या खालची जमीन सरकते, याचं हे जुनं उदाहरण.

नवं आणि महागडं उदाहरण बादलीचं आहे.

समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान पूर्वी कसं घ्यायचे? दोरीला बादली बांधून पाणी वर ओढायचं आणि त्यात तापमापक घालायचा. आधी लाकडी बादल्या होत्या, मग कॅनव्हासच्या आल्या. कॅनव्हासची बादली डेकवर येईपर्यंत वाऱ्याने पाणी गार होतं, आपल्या माठासारखं. पुढे काही जहाजं इंजिन गार करायला जे पाणी आत घेतात त्याचंच तापमान लिहू लागली. इंजिनखोलीच्या उबेने ते थोडं जास्त भरतं. दुसऱ्या महायुद्धात तर रात्री डेकवर दिवा घेऊन बादली ओढणं म्हणजे शत्रूला बोलावणं. त्यामुळे इंजिनखोलीतल्या नोंदी वाढल्या. युद्ध संपल्यावर उलट झालं. अमेरिकन जहाजांच्या नोंदी घटल्या आणि बादली वापरणाऱ्या ब्रिटिश जहाजांच्या नोंदी एकदम वाढल्या.

कागदावर मात्र रकाना एकच होता, 'समुद्राचं तापमान'. बादली की इंजिन, हे बऱ्याच नोंदींमध्ये धड लिहिलेलंच नव्हतं. परिणाम असा की 1945 च्या सुमारास जगभरच्या समुद्राचं सरासरी तापमान अचानक साधारण 0.3 अंशाने उतरल्यासारखं दिसतं. 0.3 हा आकडा लहान वाटेल. पण अख्ख्या विसाव्या शतकात पृथ्वी जेवढी तापली त्याच्या मानाने तो मोठा आहे. हवामान बदलाचा अभ्यास करणारे लोक या घसरणीपाशी अडखळत राहिले. अखेर 2008 मध्ये डेव्हिड थॉम्पसन आणि सहकाऱ्यांनी 'नेचर' या नियतकालिकात दाखवून दिलं की समुद्र त्या वर्षी तसा गार झालाच नव्हता. बदलली होती ती मोजण्याची पद्धत. एका रकान्यात दोन वेगळ्या गोष्टी साठ वर्षं एकाच नावाने राहत होत्या.

मी हे वाचलं तेव्हा मला माझा 'पर्यंत' आठवला.

आता आपल्या समुद्राकडे येऊ. 1959 ते 1965 या काळात आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम झाली. अनेक देशांची चाळीसहून जास्त जहाजं या महासागरात फिरली, भारतही त्यात होता. याच मोहिमेतून 1 जानेवारी 1966 रोजी आपली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था जन्मली, तीच जी आज गोव्यात दोना पावलाला आहे. आपल्याकडची कितीतरी मुलं सहलीला तिच्या दारावरून गेली असतील. इतक्या जहाजांच्या, इतक्या प्रयोगशाळांच्या नोंदी एका ग्रंथात बसवण्याचं काम क्लाउस विर्त्की या शास्त्रज्ञाने केलं. त्या मोहिमेचा नकाशासंग्रह 1971 मध्ये निघाला. मोहीम संपल्यावर सहा वर्षांनी. पाणी काढायला जेवढे कष्ट लागतात तेवढेच ते एका मापात ओतायलाही लागतात.

याच काळात, 1960 मध्ये, युनेस्कोअंतर्गत आंतरशासकीय समुद्रविज्ञान आयोग स्थापन झाला आणि 1961 मध्ये त्याने देशोदेशीच्या समुद्री माहितीची देवाणघेवाण हा स्वतंत्र कार्यक्रम सुरू केला. देवाणघेवाण म्हटलं की हिशोब आला, आणि हिशोब म्हटलं की शब्द आले. मग संगणक आले. माणूस 'पाण्याचे तापमान' आणि 'जल तापमान' वाचून हे एकच आहे असं समजतो. संगणकाला त्या दोन वेगळ्या वस्तू वाटतात. उलट दोन ठिकाणी नुसतं 'टेम्प' लिहिलेलं असेल, एक पाण्याचं आणि दुसरं हवेचं, तर संगणक बिनदिक्कत दोन्ही एकत्र करतो. आपल्या सातबाऱ्यावर एकाच नावाचे दोन खातेदार असले की काय होतं ते तुम्हाला माहीत आहे.

म्हणून शब्दकोश तयार झाले. असे कोश ज्यात प्रत्येक शब्दाला कायमचा क्रमांक असतो, व्याख्या असते, एकक असतं. ब्रिटनमध्ये लिव्हरपूलला असलेलं ब्रिटिश समुद्रविज्ञान माहिती केंद्र असा एक प्रचंड कोश सांभाळतं. त्यात हजारो नोंदी आहेत. नुसतं 'तापमान' तिथे चालत नाही. कशाचं, कुठल्या थरातलं, कोणत्या उपकरणाने, हे सांगावं लागतं. हवामानाच्या संगणकीय नमुन्यांवर काम करणाऱ्यांनी स्वतःची वेगळी यादी केली. तिचं नाव सीएफ. त्यात माझ्या त्या लाटेला स्वतंत्र, सविस्तर नाव आहे, 'सी सरफेस वेव्ह सिग्निफिकंट हाइट'. सर्वात मोठ्या लाटेसाठी वेगळं नाव आहे. दोन नावं, दोन खोल्या. कोणी 'पर्यंत' घालायला जागाच नाही.

पण कोश एकाहून जास्त झाले की नवा प्रश्न येतो. एकाचा शब्द दुसऱ्याच्या कोणत्या शब्दाशी जुळतो? इथे कार्यशाळा लागते. अशी एक कार्यशाळा ऑगस्ट 2005 मध्ये अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात बोल्डर इथे झाली. मरीन मेटाडेटा इंटरऑपरेबिलिटी नावाच्या प्रकल्पाने ती भरवली होती. समुद्राचे जाणकार आणि संगणकाचे जाणकार एका टेबलाला बसवायचे, याद्या समोर ठेवायच्या आणि जोड्या लावायच्या. शाळेतल्या 'जोड्या जुळवा'सारखं.

तयारीशिवाय अशी बैठक फुकट जाते. कोणत्या याद्या घ्यायच्या, त्यांची कोणती आवृत्ती, हे आधी ठरवावं लागतं. नाहीतर अर्धे लोक गेल्या वर्षीची यादी घेऊन येतात. आणखी एक गोष्ट आधी ठरवावी लागते, ती म्हणजे 'जुळतं' याचे प्रकार किती. हे मला फार आवडलं, म्हणून आपल्या मासळी बाजारातून सांगतो.

मुंबईकडे सुरमई म्हणतात, गोव्यात इसवण. मासा एकच. ही पहिली जोडी, 'तंतोतंत तोच'. मासळी आणि सुरमई यांची जोडी वेगळी. प्रत्येक सुरमई मासळी आहे, पण प्रत्येक मासळी सुरमई नाही. एक शब्द मोठा, एक त्याच्या पोटातला. ही दुसरी. तिसरी जोडी फसवी, 'जवळपास तेच'. आपल्याकडे वाव हे खोलीचं माप आहे, दोन हात पसरल्यावर होतं तेवढं. इंग्रजांचं फॅदमही मुळात पसरलेल्या हातांचंच, पण ते पुढे मोजून सहा फुटांवर पक्कं केलं गेलं. आपला वाव ज्याच्या त्याच्या हाताचा. होडीवर चालेल, नकाशावर नाही.

इथे संगणकवाले एक नियम पाळतात आणि तो आपण पत्रकारांनी फ्रेम करून लावावा असा आहे. 'तंतोतंत तोच'ची साखळी करता येते. पहिला म्हणजे दुसरा, दुसरा म्हणजे तिसरा, तर पहिला म्हणजे तिसरा. 'जवळपास तेच'ची साखळी करायची नाही. कारण प्रत्येक पायरीला थोडं थोडं घसरत माणूस भलतीकडेच पोचतो. अधिकाऱ्याच्या इशाऱ्याची प्रेसनोट, प्रेसनोटची बातमी, बातमीचं व्हॉट्सअ‍ॅप, व्हॉट्सअ‍ॅपची जेटीवरची चर्चा. मोजा किती पायऱ्या झाल्या.

दुसरा नियम, जुना शब्द पुसायचा नाही. चुकीचा ठरला तर त्यावर 'आता वापरू नका' असा शिक्का मारायचा आणि नव्याकडे बोट दाखवायचं. कारण तीस वर्षांपूर्वीच्या फाइलमध्ये तो जुना शब्द बसलेला असतो. तो पुसला की ती फाइल मुकी होते.

नियम कुठे कामी येतात ते क्षारतेत दिसतं. 1978 मध्ये समुद्राच्या खारटपणाचं नवं माप ठरलं. ते पाण्याच्या विद्युतवाहकतेवरून काढतात आणि त्याला एककच नाही, नुसता आकडा, उदाहरणार्थ 35. पुढे 2010 मध्ये दुसरं माप आलं, एक किलो पाण्यात किती ग्रॅम क्षार. त्यात तेच पाणी साधारण 35.17 भरतं. फरक इतका बारीक की डोळ्याला चूक वाटणारच नाही. एका संग्रहात दोन्ही मिसळले असते तर उद्या कोणीतरी म्हणालं असतं की 2010 नंतर समुद्र खारट झाला. बादलीचीच गोष्ट पुन्हा! या वेळी शहाणपण आधी सुचलं. ठरलं असं की संग्रहात जुनंच माप साठवत राहायचं आणि नवं गरजेप्रमाणे त्यावरून काढायचं.

शहाणपण उशिरा सुचलं तर काय होतं, ते राइन नदीवर लाउफेनबुर्ग इथे दिसलं. एका काठाला जर्मनी, दुसऱ्या काठाला स्वित्झर्लंड, मधे नवा पूल. दोन्हीकडचे अभियंते उंची 'समुद्रसपाटीपासून' मोजत होते. जर्मनीची समुद्रसपाटी उत्तर समुद्राची, स्वित्झर्लंडची भूमध्य समुद्राची, दोन्हींत 27 सेंटिमीटरचा फरक. हे त्यांना माहीत होतं, हिशोबही केला होता. पण वजा करायच्या ऐवजी अधिक केलं. 2003 मध्ये लक्षात आलं की दोन टोकांत 54 सेंटिमीटरचं अंतर आहे. आपण हसावं असं काही नाही. बंदराच्या नकाशावरची खोली अगदी खालच्या ओहोटीच्या पातळीपासून मोजतात आणि जमिनीच्या नकाशावरची उंची सरासरी समुद्रपातळीपासून. जेटीच्या कामात दोन्ही नकाशे एकत्र ठेवले की विचारायचं, 'शून्य कुठलं धरलंय?' ग्रामसभेत हा प्रश्न विचारून बघा.

आज हे सगळं किती मोठ्या प्रमाणावर चालतं? आर्गो नावाच्या कार्यक्रमात जगभरच्या समुद्रात सुमारे चार हजार तरंगती यंत्रं आहेत. ती दोन किलोमीटर खोल जातात, साधारण दर दहा दिवसांनी वर येतात आणि उपग्रहाला माहिती देतात. भारतही यात आहे. यंत्रं वेगवेगळ्या देशांची, वेगवेगळ्या कारखान्यांची, पण माहिती एकाच शब्दसंग्रहात येते. आपल्याकडे हैदराबादला इन्कॉइस ही संस्था 1999 पासून आहे. मासळी कुठे मिळेल याचे सल्ले, लाटांचे इशारे, आणि 2004 च्या त्सुनामीनंतर 2007 मध्ये सुरू झालेलं त्सुनामी इशारा केंद्र, सगळं तिथलं. तुमच्या मोबाइलवर येणाऱ्या एका ओळीमागे तरंगते बोये, उपग्रह आणि संगणकीय नमुने असतात. ही यंत्रणा चालते कारण कोणीतरी कंटाळवाण्या बैठकांत बसून 'उंची' म्हणजे कोणती उंची हे भांडून ठरवलेलं असतं. अशा माणसांचे सत्कार होत नाहीत.

आणि ही साखळी हजारो किलोमीटर नीट येते, आणि शेवटच्या पन्नास किलोमीटरवर तुटते. तालुक्याच्या पेपरात, ग्रामपंचायतीच्या भोंग्यावर, आमच्यासारख्यांच्या हातात.

'उधाण' हाच शब्द घ्या. कोळ्याला विचारा. उधाण म्हणजे अमावास्या-पौर्णिमेची मोठी भरती, आणि भांग म्हणजे अष्टमीच्या आसपासची लहान. ते पंचांगावर चालतं, वारा असो नसो. आम्ही पेपरवाले मात्र समुद्र खवळला की लिहितो, 'समुद्राला उधाण'. दोन वेगळ्या गोष्टी, एक शब्द. मोठी भरती आणि मोठ्या लाटा एकाच दिवशी आल्या तर किनाऱ्यावरच्या घरांत पाणी शिरतं. ज्या दिवशी खरोखर तसं होणार असेल त्या दिवशी आम्ही काय लिहिणार? 'उधाण' तर आम्ही वापरून झिजवलाय.

म्हणून मी माझ्या टेबलाच्या काचेखाली एक कागद ठेवलाय. सागरी मैल म्हणजे 1852 मीटर, आपला किलोमीटर नाही. नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल, ताशी 1.852 किलोमीटर. 50 नॉटला 50 किलोमीटर छापलं तर वारा जवळजवळ निम्मा होतो. लाटेची उंची म्हणजे वरच्या एक-तृतीयांश लाटांची सरासरी, एखादी दुप्पटही येऊ शकते, हे वाक्य प्रत्येक बातमीत. 'पर्यंत' लिहायचं नाही. उधाण फक्त भरतीसाठी.

हा कागद करताना मी त्या तांडेलांकडे गेलो होतो. माफीही मागायची होती, ती राहिली होती. ओसरीवर बसलो. समुद्र त्या दिवशीही बऱ्यापैकी उठलेला होता. मी विचारलं, "काका, यंत्र नसताना तुम्ही लाट कशी सांगता?" ते म्हणाले, "बघायचं थोडा वेळ. बारक्या सोडून द्यायच्या, मोठ्या मोठ्या धरायच्या. मग सांगायचं, आज पुरुषभर आहे, आज दोन पुरुष आहे."

दोन पुरुष म्हणजे साधारण साडेतीन मीटर.

दुसऱ्या महायुद्धात सैन्य किनाऱ्यावर उतरवायचं तर लाटांचा अंदाज हवा होता. कॅलिफोर्नियाच्या स्क्रिप्स संस्थेतल्या हाराल्ड स्वेरड्रुप आणि वॉल्टर मुंक यांनी तेव्हा हे माप घडवलं. वरच्या एक-तृतीयांश लाटांची सरासरीच का, तर मुरलेला दर्यावर्दी समुद्राकडे बघून जी उंची सांगतो तिच्या ती जवळ जाते म्हणून. बारक्या सोडायच्या, मोठ्या धरायच्या. माप मूळचं काकांच्याच डोळ्याचं होतं. जगाची फेरी मारून ते परत काकांकडे येताना माझ्या टेबलावर बिघडलं.

मी त्यांना हे सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, मग म्हणाले, "दोन पुरुष लिवलं असतंत तर मी गेलोच नसतो. दोन पुरुषाच्या दर्यात मधेच एखादी डबल येते, हे पोरालापण ठावं आहे."

तर मित्रांनो, एक काम करूया. तुमच्या बंदरावर वारा, लाट, भरती, खोली यांसाठी जे शब्द आहेत ते कमेंटमध्ये लिहा, आणि त्या शब्दाचा तिथे नेमका काय अर्थ आहे तेही. 'जवळपास असंच काहीतरी' नको. कोणाला विचारलंत, कुठल्या गावी, तेही लिहा. शंभर शब्द जमले की आपण जेटीवरच बसू. तांडेल, बंदर खात्यातलं कोणी, कॉलेजातलं कोणी आणि मी. जोड्या जुळवायला.

चहा माझ्याकडून.